बाळ पालथं पडायला लागलं, आता ‘स्मार्ट सॉक’ घ्यायचा का?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला ताईचा व्हॉट्सअ‍ॅप आला. एक लिंक आणि खाली एवढंच: “हे घेऊ का? तू इंजिनिअर आहेस, तू सांग.” लिंक होती बाळाच्या पायात घालायच्या मोज्याची. मोज्यात सेन्सर. तो रात्रभर नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणार, काही बिनसलं की फोनवर अलार्म. किंमत माझ्या फोनपेक्षा जास्त. भाचा पाच महिन्यांचा आहे आणि त्याच आठवड्यात पालथा पडायला लागला होता. दिवसा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, रील काढली. रात्री ताईची झोप उडाली.

आमचं गाव पाबळ, तालुका शिरूर. टेक्नॉलॉजीच्या बाबतीत गावाला थोडा माज आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये इथे विज्ञान आश्रम सुरू केला, आणि २००२ मध्ये एमआयटीच्या बाहेर अगदी सुरुवातीला जी फॅब लॅब उभी राहिली ती इथेच. त्यामुळे ‘विकत कशाला, बनवू की’ हा किडा आम्हा सगळ्यांत असतोच. मीही तेच केलं. स्वस्तातला पल्स सेन्सर, ईएसपी-३२ बोर्ड, घरचा वायफाय आणि दोन रात्री जागून लिहिलेलं एक अ‍ॅप. बाळाला लावायचा प्रश्नच नव्हता. स्वतःच्या बोटाला बांधून झोपलो.

तत्त्व सोपं आहे. सेन्सर लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश कातडीत सोडतो. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून आकडा निघतो. अडचण अशी की बोट हललं तरी प्रकाश बदलतो. रात्री एकला अलार्म वाजला, कारण मी कूस बदलली होती. पावणेदोनला परत तेच. त्यानंतर मात्र निवांत झोपलो.

सकाळी लॉग बघितला तर २ वाजून ४० मिनिटांनंतर एकही रीडिंग नव्हतं. लाईट गेली होती आणि राउटर बंद पडला होता. फोनने कळवायला हवं होतं, पण बॅटरी ऑप्टिमायझेशनने माझं अ‍ॅपच झोपवून टाकलं होतं. ‘सगळं ठीक आहे’ आणि ‘काहीच चालू नाही’ या दोन्हीचा आवाज सारखाच होता: शांतता. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला सायलेंट फेल्युअर म्हणतो. पेमेंट अ‍ॅपमध्ये असं झालं तर ग्राहक शिव्या घालतो. इथे आई गाढ झोपलेली असते.

कंपन्यांची उपकरणं माझ्या जुगाडापेक्षा नक्कीच चांगली असतात. पण किती? २०१८ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी असे दोन मॉनिटर ३० बाळांवर हॉस्पिटलच्या ऑक्सिमीटरशी ताडून बघितले. एकाने ऑक्सिजन कमी झालेला बऱ्याचदा पकडला, पण दरवेळी नाही. दुसऱ्याने एकदाही नाही. या क्षेत्रातली सगळ्यात प्रसिद्ध कंपनी ‘आउलेट’. तिला अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये वॉर्निंग लेटर पाठवलं, कारण वैद्यकीय उपकरणाला लागणारी परवानगी न घेता मोजा विकला जात होता. कंपनीने तिथली विक्री थांबवली, मोज्याचं नवं रूप आणलं आणि त्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये परवानगी मिळवली. जाहिरातीत ‘एफडीए’ हा शब्द दिसला की आपण विरघळतो, म्हणून नीट वाचा: परवानगी नाडी आणि ऑक्सिजन दाखवण्याची आहे. झोपेतला आकस्मिक बालमृत्यू, म्हणजे सिड्स, टाळण्याची नाही.

तो मोजा टाळू शकतो असा पुरावाच नाही. २००१ मध्ये अमेरिकेत हजारावर बाळांचं घरी मॉनिटरिंग केलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्या घटनांना घाबरायचं असं आधी मानलं जायचं, त्या ठणठणीत बाळांतही सर्रास दिसल्या. अलार्म वाजला म्हणजे धोका, हे समीकरणच ढिलं निघालं. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स आजही सांगते की सिड्स टाळायला घरगुती मॉनिटरवर भिस्त ठेवू नका. आणि आपल्यासाठी एक जादा मुद्दा: प्रकाशावर चालणारे ऑक्सिमीटर गडद त्वचेवर ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतात, हे कोविडच्या काळात ठळकपणे समोर आलं. स्वस्त, बिननावाचा मोजा कोणाच्या त्वचेवर तपासला होता, हे बॉक्सवर लिहिलेलं नसतं.

मग पालथ्या पडणाऱ्या बाळाचं करायचं काय? याचं उत्तर फोनमध्ये नाही, अंथरुणात आहे. फिशर-प्राइसचा ‘रॉक एन प्ले’ आठवा. सुमारे ३० अंशांत उतरता, मऊ, डुलणारा झोपाळा. २००९ पासून लाखोंनी खपला. एप्रिल २०१९ मध्ये ४७ लाख नग परत मागवावे लागले, कारण त्यात ३० हून जास्त बाळं दगावली होती. त्यांतली काही बाळं न बांधलेल्या अवस्थेत कुशीवर किंवा पालथी वळली होती. २०२२ मध्ये अमेरिकेने १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या बाळांच्या झोपण्याच्या वस्तूंवर कायद्यानेच बंदी घातली.

आता आपली साडीची झोळी डोळ्यांपुढे आणा. मऊ, वाकडी, हनुवटी छातीला टेकवणारी. बाळ जागचं हलत नव्हतं तोवरही ती रात्रभरासाठी बरी नव्हती. वळायला लागलेल्या बाळाचं तोंड त्या कापडात रुतलं तर मान वळवून सुटायला त्याला सपाट आधार मिळत नाही. ऑनलाइन मिळणारी झोळी हलवायची मोटार तर आणखी वाईट, कारण मग जवळ कोणीच नसतं.

आमच्या घरी खरी लढाई झाली ती राईच्या उशीवरून. आईने ती स्वतः शिवलेली, डोकं गोल व्हावं म्हणून. “तुम्ही दोघं याच उशीवर वाढलात,” हे तिचं म्हणणं, आणि त्यावर डेटा दाखवून काही होत नाही. मी एवढंच म्हटलं, “आई, आम्ही पालथे पडायला लागल्यावर उशी कुठे होती ते आठवतंय का?” ती गप्प बसली. उशी दिवसाच्या खेळात गेली. दुपट्यात घट्ट गुंडाळणं मात्र त्याच दिवशी बंद केलं. हे सगळ्यात महत्त्वाचं: वळायची पहिली चिन्हं दिसली की गुंडाळणं थांबवायचं, कारण पालथं पडल्यावर सुटायला हातच लागतात.

जमिनीवर गादी घाला म्हटलं तर आई म्हणाली, विंचू-किडा येतो. पाबळमध्ये राहणाऱ्याने यावर वाद घालू नये. शेवटी लाकडी पाळणा काढला: तळ सपाट फळीचा, कठडा उंच, गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आत, आणि हलू नये म्हणून दोऱ्यांनी बांधून टाकलेला. आत पातळ, टणक गादी आणि ताणून खोचलेली चादर. गोधडी नाही, खेळणी नाहीत, लोड नाहीत. बाहेरून मच्छरदाणी. पाळणा ताईच्याच खोलीत. खर्च शून्य.

हे आशाताईंनी सांगायला हवं होतं असं कोणी म्हणेल. बाळ घरी आल्यावरच्या सुरुवातीच्या भेटींनंतर त्यांच्या ठरलेल्या भेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात असतात. भाचा नेमका मधल्या फटीत पालथा पडला. त्या फटीत ताईला जे मिळालं ती इन्स्टाग्रामची जाहिरात.

परवा रात्री एकला परत फोन. “पालथा झोपलाय. सरळ करू का?” मी विचारलं, “पालथ्याचा उताणा स्वतः होतो का?” “अजून नाही.” मग सरळ कर, म्हटलं. झोपवताना दरवेळी उताणंच झोपवायचं, वर्षाचा होईपर्यंत. दोन्ही बाजूंनी आरामात वळायला लागला की झोपेत तो स्वतः जसा वळेल तसा राहू द्यायचा, मग रात्रभर उठून उलथवत बसायचं नाही. दिवसा जागेपणी, समोर बसून, त्याला पोटावर भरपूर खेळू द्यायचं, म्हणजे ते लवकर जमतं.

काल सकाळी व्हिडिओ आला. पोटावरून पाठीवर, पहिल्यांदा. मागे आईचा आवाज: “परत कर, परत कर.”