आईच्या नावाचं रॉक

‘तुझ्या गावाकडे म्युझिक सीन कसा आहे गं?’ असं आमच्या ग्रुपमधल्या एका महाभागाने विचारलं, तेव्हा हातातली कॉफी सांडता सांडता राहिली. गाव म्हणजे दिंद्रुड. जिल्हा बीड, बीडहून परळीला जाताना लागतं. चुलतबहिणीच्या लग्नाला निघाले होते, तर याला सीन हवा.

आहे ना बॉस, सीन आहे! हरिनाम सप्ताह आहे, हलगी आहे आणि लग्नसराईत बेंजो पार्टी आहे. या बेंजोवाल्यांच्यात गायक नसतो, हे कधी लक्षात आलंय तुमच्या? बेंजोवर चाल वाजते, मागे कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल. म्हणजे टेक्निकली बोलायचं तर चक्क इन्स्ट्रुमेंटल बँड.

हा महाभाग इटालियन बँडचा भक्त. प्रवासात ऐक म्हणून त्याने ‘आर्ती ए मेस्तिएरी’ या तुरिनच्या बँडचा पहिला अल्बम मोबाईलमध्ये भरून दिला. ‘टिल्ट’, साल १९७४. गाणं जवळजवळ नाहीच. व्हायोलिन, सॅक्सोफोन, गिटार, कीबोर्ड आणि या सगळ्यांच्या खालून धावणारा फुरिओ किरिकोचा ड्रम. अर्धं जॅझ फ्युजन, अर्धं जडशीळ प्रोग्रेसिव्ह रॉक. किरिको इतका भन्नाट वाजवतो की अहिल्यानगर मागे पडलं तरी मला झोप नाही. पण खरं सांगू? तिसऱ्या ट्रॅकनंतर जरा दमायलाच झालं. सगळे एकाच वेळी हुशार. कुणी थांबेल तर शपथ.

पहाटे घरी पोचले, तर तिथे वेगळाच सीन. काका आणि त्यांचा मुलगा एकमेकांशी बोलत नव्हते.

काका पखवाज वाजवतात. सप्त्यात, भजनात, कुणाच्या दशक्रियेच्या कीर्तनात, चाळीसेक वर्षं. मुलाला त्यांनीच शिकवलं, हातावर पट्ट्या मारून. तो मुलगा आता शेजारच्या गावातल्या बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो आणि सीझनमध्ये बऱ्यापैकी कमावतो. काकांचं म्हणणं, ‘शाई नाही, कणीक नाही, बटण दाबलं की आवाज. त्याला काय वाजवणं म्हणायचं?’ मुलाचं म्हणणं, ‘सप्त्यात नारळ आणि उपरणं मिळतं. हप्ता कशानं भरू?’ दोघांचंही खरं, हीच तर गोची. सहा महिने झाले, निरोप काकूमार्फत चालतात. काकू म्हणजे घरातलं टेलिफोन एक्स्चेंज. घरच्याच लग्नात याची पार्टी वाजणार का, हाही प्रश्न काकूकडेच पेंडिंग होता.

दुपारी ओसरीवर बसले होते. काका म्हणाले, ‘काय ऐकायलीस?’ मी एक इअरफोन त्यांच्या कानात दिला. ‘टिल्ट’च चालू होतं. त्यांनी डोळे मिटून मिनिटभर मांडीवर बोटं चालवली आणि सरळ सांगितलं, ‘हात चांगला हाय. पन समोरचा काय म्हनायलाय ते ऐकूनच घेईना.’

चाळीस वर्षं कीर्तनकाराच्या तोंडाकडे बघत वाजवलेल्या माणसाचा हा रिव्ह्यू. (एवढ्या कमी शब्दांत मला जमत नाही, माझं मानधन शब्दांवर आहे.) मग मला ‘शोभारॉक’ आठवलं.

त्रिलोक गुर्टू हे नाव तुमच्यापैकी काहींना रॉबर्ट माइल्समुळे माहीत असेल. ‘चिल्ड्रन’वाला इटालियन डीजे. दोघांनी २००४ मध्ये ‘माइल्स गुर्टू’ नावाचा अल्बम केला. पुढे २००६ मध्ये ‘आर्के’ या इटालियन स्ट्रिंग क्वार्टेटबरोबर त्रिलोकचा ‘आर्केऑलॉजी’ आला. पण हा माणूस अस्सल मुंबईचा, जन्म १९५१. आई शोभा गुर्टू! ठुमरी-दादऱ्यातलं केवढं मोठं नाव! बेळगावच्या भानुमती शिरोडकर, लग्नानंतर शोभा गुर्टू. त्यांची आई मेनकाबाई शिरोडकरही कलावंत. म्हणजे त्रिलोकच्या घरात गाणं दोन पिढ्या आधीपासून मुक्कामाला होतं.

पोरगा तबला शिकला आणि मग तरुणपणी ड्रमसेटच्या नादी लागला. स्टुडिओत एकावर एक ट्रॅक चढवतात हे तेव्हा त्याला ठाऊकच नव्हतं, असं त्यानेच पुढे सांगितलंय. म्हणजे परदेशी रेकॉर्डवर जे ऐकू येतं ते सगळं एका झटक्यात वाजतं, असं समजून हा शिकत होता! पुढे युरोप. ‘ओरेगॉन’ बँडचा कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेला, तेव्हा त्याच्या जागी त्रिलोक आला. नंतर जॉन मॅक्लॉफ्लिनच्या त्रिकुटात. बसण्याची पद्धतही त्याची स्वतःची. स्टूल नाही, जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून. समोर ड्रम, तबला, घुंगरं आणि पाण्याची बादली. वाजवलेली झांज पाण्यात बुडवली की सूर वाकतो.

तर या गड्याने १९८८ मध्ये सीएमपी या जर्मन कंपनीसाठी स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम केला, ‘उस्फ्रेत’. सोबत कोण? ट्रम्पेटवर डॉन चेरी, गिटारवर राल्फ टाऊनर, व्हायोलिनवर एल. शंकर, बासवर जोनास हेलबोर्ग. आणि गायला आई. साठी ओलांडलेली, ठुमरीची बैठक जमवणारी आई. त्यातल्या एका ट्रॅकचं नाव ‘शोभारॉक’. आईचं नाव आणि रॉक, मध्ये साधी रेघसुद्धा नाही.

फ्युजन म्हटलं की मला आधी धडकी भरते. सतारीचा एक तुकडा, खाली ड्रम मशिन, वर चिमूटभर आलाप, मसाला डोशावर चीज किसावं तसा. ‘शोभारॉक’मध्ये आलाप वरून भुरभुरलेला नाही. बाई त्यांच्या घरात बसून गातात तशाच गातात, ठेहराव सोडत नाहीत, इंग्रजी काही शिकायला जात नाहीत. बास आणि ड्रम आपल्या जागी जोरकस. मुलगा आईला आपल्या बँडमध्ये फिट करत बसलेला नाही. तो तिच्या श्वासाच्या जागा ओळखून वाजवतो. लहानपणापासून तेच ऐकलंय ना त्याने. ‘टिल्ट’मधली कारागिरी कदाचित वरचढ असेल, आमच्या महाभागाने त्यावर भांडावं खुशाल. पण मला परत परत हेच लावावंसं वाटतं.

शोभाताई २००४ च्या सप्टेंबरमध्ये गेल्या. हे मी काकांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, ‘रेडिओवर लई ऐकलंय बाईला.’ मग ट्रॅक पहिल्यापासून लावायला सांगितला. दुसऱ्यांदा ऐकताना बोटं मांडीवर नव्हती. हात नुसते पडून होते.

‘हे वाजवनारं पोरगं तिचं?’

‘हो.’

‘तबला सोडला का त्यानं?’

‘नाही. तबलाही आहे, बाकीचंही आहे.’

काका बराच वेळ गप्प. अंगणात मांडववाले बांबू रोवत होते. मग इअरफोन काढून माझ्या हातात ठेवत म्हणाले, ‘त्याला धाड हे.’

‘तुम्हीच ऐकवा की. आत तर आहे तो.’

‘तू धाड म्हनलं ना.’

धाडलं. सोबत त्रिलोकचा बादलीवाला एक व्हिडिओपण जोडला. दहा मिनिटांनी आतल्या खोलीतून, भिंतीच्या पलीकडून, मोबाईलवर उत्तर: ‘ताई हे बादलीत काय बुडवायलाय? आन अप्पानी ऐकलं का हे?’