जुने पत्रे उतरतात, पण जातात कुठे?

शाळांना सुट्टी लागली की नगरपरिषदांच्या डागडुजीच्या कामांना वेग येतो. मंडईची शेड, शाळेचा व्हरांडा, सार्वजनिक शौचालय, पंपघर, स्मशानातला निवारा अशा ठिकाणचे जुने सिमेंटचे पत्रे उतरवले जातात आणि नवे चढवले जातात. नव्या कामाचे उद्घाटन होते, नगरसेवकांचा फोटो छापून येतो. उतरवलेल्या पत्र्यांचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. आज या सदरात त्याच जुन्या पत्र्यांविषयी लिहायचे आहे.

ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो त्यात नुसते सिमेंट नसते. त्याला बळकटी यावी म्हणून साधारण आठ ते दहा टक्के ॲसबेस्टॉस मिसळलेले असते. ॲसबेस्टॉस हे जमिनीतून निघणारे तंतुमय खनिज. ते जळत नाही, गंजत नाही, सडत नाही, आणि स्वस्तही पडते. आपल्या रायगडसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या जिल्ह्यात लोखंडी पत्रा काही वर्षांत चाळणी होतो. सिमेंटचा पत्रा मात्र तीस-चाळीस वर्षे टिकतो, शिवाय पावसात त्याचा आवाजही कमी. गरिबाने तो का घेतला, हे समजण्यासारखे आहे. त्याबद्दल कोणाला नावे ठेवण्याचे कारण नाही.

दोष आहे तो या खनिजाच्या तंतूंत. पत्रा फुटला, कापला, घासला किंवा भोक पाडताना त्याची पूड झाली की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात. ते श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात आणि तिथेच रुतून बसतात. शरीराला ते नीट विरघळवताही येत नाहीत आणि बाहेरही टाकता येत नाहीत. बरीच वर्षे भरपूर धूळ गेली तर फुप्फुस आतून कडक होत जाते आणि माणसाला धाप लागते, त्याला ॲसबेस्टॉसिस म्हणतात. याखेरीज फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसावरच्या किंवा पोटाच्या आतल्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा अत्यंत वाईट कर्करोग होतो. मेसोथेलिओमाचे निदान झाल्यावर रोगी बहुधा एक-दोन वर्षांहून अधिक जगत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला ॲसबेस्टॉसमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. मेसोथेलिओमा मात्र निर्व्यसनी माणसालाही सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था पांढऱ्या, निळ्या, तपकिरी अशा सर्व प्रकारच्या ॲसबेस्टॉसला माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ मानते. ‘पांढरा निर्धोक असतो’ हे विक्रेत्यांचे म्हणणे वैद्यकशास्त्राला मान्य नाही.

‘अहो, आमच्या शाळेवर चाळीस वर्षे हेच पत्रे आहेत, कोणाला काय झाले?’ असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर दोन भागांत आहे. एक म्हणजे, छपरावर शाबूत बसलेला, न फुटलेला पत्रा फारसे तंतू सोडत नाही. त्याखाली बसून शिकलेल्या मुलांच्या आईबापांनी आज रात्रीची झोप उडवून घेण्याचे कारण नाही. दुसरे म्हणजे, हा रोग धूळ नाकात गेल्यावर वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो. तोवर पत्रे कापणारा मजूर गाव सोडून गेलेला असतो किंवा म्हातारा झालेला असतो. त्याला खोकला आणि धाप लागली, छातीत पाणी झाले, की आपल्याकडे आधी क्षयाची शंका येते आणि ती साहजिकही आहे. पण तीस वर्षांपूर्वी त्याने काय काम केले, हे विचारायला गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वेळ कोणाला असतो? मेसोथेलिओमाचे रोगी आपल्या देशात पुरेसे मोजलेच जात नाहीत. तेव्हा ‘कोणाला काही झाले नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘कोणी पाहिले नाही’ एवढाच असतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, ते वाचक विसरले नसतील. श्रीवर्धन, मुरुड, अलिबागकडे आणि आतल्या तालुक्यांतही घरांची, शाळांची, मासळीच्या शेडची छपरे उडाली. पुढचे कित्येक दिवस पत्रे आणि कौले मिळेनाशी झाली होती. त्या धावपळीत पडलेले तुकडे लोकांनी हातांनी उचलले, टोपल्यांतून वाहिले. काहींनी अंगणातल्या चिखलात भराव म्हणून टाकले, काहींनी गोठ्याला आणि न्हाणीला आडोसा केला. अशा प्रसंगी कोणाला दोष देता येत नाही, डोक्यावर छप्पर आधी. परंतु पुढच्या वर्षी तौक्ते आले आणि अशी वादळे यापुढेही येणार आहेत. दर वादळानंतर फुटलेले पत्रे कोणी उचलायचे, कसे उचलायचे आणि कुठे टाकायचे, याचे दोन पानांचे परिपत्रक तरी प्रत्येक नगरपरिषदेच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

कायद्याचे म्हणाल तर चित्र विचित्र आहे. आपल्या सरकारने १९९३ मध्ये देशातल्या ॲसबेस्टॉस खाणींच्या पट्ट्यांचे नूतनीकरण थांबवले. म्हणजे आपली खाण नको, पण रशियासारख्या देशांतून जहाजे भरून येणारा माल चालतो! २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या उद्योगातील कामगारांच्या बाजूने मोठा निकाल दिला. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत ठेवावी, असे त्यात सांगितले. चांगलाच निकाल होता. पण तो कारखान्यातल्या कामगारासाठी. नगरपरिषदेच्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर पत्रे उतरवणाऱ्या माणसाचे नाव हजेरीपटावर चाळीस दिवस टिकले तरी पुष्कळ, तिथे चाळीस वर्षांची नोंद कोण ठेवणार?

कचऱ्याचेही तसेच. कारखान्यातून निघणारे टाकाऊ ॲसबेस्टॉस केंद्राने २०१६ च्या नियमांत घातक कचरा म्हणून धरले. तोच पत्रा शाळेच्या छपरावरून उतरला की व्यवहारात तो राडारोडा होतो, आणि बऱ्याचदा तर ‘भंगार’ म्हणून त्याचा लिलाव होतो. माझा सर्वांत मोठा आक्षेप या लिलावालाच आहे. नगरपरिषदेच्या तिजोरीत त्यातून येऊन येऊन किती रुपये येणार? त्यापायी तडे गेलेले, झिजलेले, म्हणजे तंतू सोडण्याच्या बेतात आलेले पत्रे गावातल्या सर्वांत गरीब वस्तीत पोहोचतात. तिथे ते पुन्हा कापले जातात, ठोकले जातात, आणि चुलीच्या धुराने काळे झाले की खराट्याने घासलेही जातात. एका छपराचा धोका आपण वीस झोपड्यांत वाटून देतो, आणि वर पावती फाडतो.

इतर देश यातून गेले आहेत. इंग्लंडमध्ये लीड्स शहराच्या आर्मली भागात ॲसबेस्टॉसचा एक कारखाना होता. तो १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाला. त्याची धूळ आसपासच्या गल्ल्यांत, खिडक्यांच्या कठड्यांवर बसत असे आणि मुले त्यात खेळत. त्यांतल्याच एक जून हॅनकॉक. त्यांनी कारखान्यात एक दिवसही काम केले नव्हते. त्यांची आई १९८२ मध्ये मेसोथेलिओमाने गेली, पुढे त्यांनाही तोच रोग निघाला. त्यांनी कंपनीला न्यायालयात खेचले आणि १९९५ मध्ये दावा जिंकला. १९९७ मध्ये त्या वारल्या. ब्रिटनने १९९९ मध्ये उरलेल्या पांढऱ्या ॲसबेस्टॉसवरही बंदी घातली. तरीही तिथे आजसुद्धा दरवर्षी सुमारे पाच हजार माणसे जुन्या धुळीमुळे मरतात.

मात्र बंदी घातली म्हणून जुन्या इमारतींतला माल नाहीसा होत नाही, हे त्या लोकांनी ओळखले. तिथल्या कायद्यानुसार शाळा, दवाखाने, कार्यालये सांभाळणाऱ्यांवर, म्हणजे पुष्कळ ठिकाणी नगरपालिकांवरच, एक बंधन आहे. इमारतीत ॲसबेस्टॉस कुठे आहे ते शोधायचे, त्याची अवस्था कशी आहे ते नोंदवहीत लिहायचे, ठराविक काळाने पुन्हा पाहायचे, आणि तिथे काम करायला येणाऱ्या प्रत्येक सुताराला, वायरमनला ती वही दाखवायची. शाबूत आहे ते उगाच उचकटायचे नाही. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते, कारण तिला यंत्रसामग्री लागत नाही. एक वही आणि एक जबाबदार माणूस पुरतो.

अर्धवट कामाचा धडा हवा असेल तर ऑस्ट्रेलियाच्या राजधानीकडे पाहावे. कॅनबेरात १९६८ ते १९७९ या काळात एका कंपनीने हजाराहून अधिक घरांच्या माळ्यांवर उष्णता अडवण्यासाठी सुटे ॲसबेस्टॉस फवारले. नंतर सरकारने खर्च करून ते काढले आणि घरे सुरक्षित झाली असे सांगितले. पुढे भिंतींच्या पोकळीत तंतू सापडले. अखेर २०१४ मध्ये सरकारने ती घरे विकत घेऊन पाडण्याचा निर्णय केला. आपल्या पत्र्यात तंतू सिमेंटात जखडलेले असतात, तेव्हा आपल्याकडे तशी वेळ येणार नाही. पण आधी स्वस्तात उरकलेले काम पुढे किती महाग पडते, हे मुख्याधिकाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या नगरपरिषदांनी काय करावे? सर्व छपरे उद्याच उतरवा, असे मी म्हणणार नाही. तेवढा पैसा नाही, आणि घाईने उतरवले तर धूळ अधिक उडेल. आधी नगर अभियंत्यांनी आपल्या मालकीच्या इमारतींची यादी करावी. ते काम पंधरा दिवसांचे आहे. त्यात तडे गेलेले, कडा झिजलेले, मुलांचा चेंडू लागून फुटलेले पत्रे कोणते ते लिहावे. शाळा, अंगणवाड्या आणि दवाखाने यांचा क्रम पहिला. केरळमध्ये राज्य मानवी हक्क आयोगाने २००९ मध्येच शाळांवरची अशी छपरे बदलण्याविषयी सांगितले होते. नवीन कामात हा पत्रा वापरायचाच नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेला आजही करता येईल. त्यासाठी दिल्लीच्या बंदीची वाट पाहण्याची गरज नाही. रंगीत लेप दिलेले लोखंडी पत्रे, मंगलोरी कौले, ॲसबेस्टॉस नसलेले सिमेंटचे पत्रे बाजारात मिळतात. ते काहीसे महाग आहेत, हे खरे.

उतरवण्याच्या कामाच्या निविदेत मात्र स्पष्ट अटी हव्यात. पत्रे पाण्याने भिजवून घ्यावेत. बोल्ट सोडवून अखंड खाली घ्यावेत, वरून फेकू नयेत. ग्राइंडर बिलकूल चालवू नये. तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून वर ठळक चिठ्ठी लावावी. ही विल्हेवाट कशी लावावी याची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय मानक ब्यूरोने कधीच काढून ठेवली आहेत. घातक कचरा पुरण्याची शास्त्रीय जागा आपल्याच जिल्ह्यात, तळोज्याला आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलून दोन-तीन नगरपरिषदांनी मिळून एक ट्रक भरला तर वाहतुकीचा खर्चही वाटला जाईल. आपल्या क्षेपणभूमीवर हे तुकडे गेले की बुलडोझर त्यांचा भुगा करतो आणि कचरा वेचणाऱ्या बाया तिथेच दिवसभर उभ्या असतात.

सफाई कामगारांना एवढे तरी शिकवावे, की फुटलेल्या पत्र्याचा चुरा कोरडा झाडायचा नाही. पाणी मारून ओल्या फडक्याने उचलायचा आणि ते फडकेही टाकून द्यायचे. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवत नाही. करोनात माहीत झालेला एन-९५ मास्क रुमालापेक्षा बरा, तरी तोही पूर्ण संरक्षण देत नाही. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत. नवऱ्याचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना हा रोग झाल्याची उदाहरणे परदेशांत नोंदलेली आहेत.

पाणीपुरवठ्याच्या जुन्या सिमेंट-ॲसबेस्टॉस नळांबद्दलही लोक विचारतात. त्यातून पोटात जाणाऱ्या तंतूंमुळे रोग होतो असा ठोस पुरावा नाही, असेच जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. तेव्हा पाणी पिणाऱ्याने घाबरू नये. धोका आहे तो खड्ड्यात उतरून करवतीने किंवा ग्राइंडरने तो नळ कापणाऱ्या प्लंबरला. त्यालाही नळ ओला ठेवून कापता येतो.

ज्यांच्या घरावर असे पत्रे आहेत त्यांनी शेवाळ काढण्यासाठी ते तारेच्या ब्रशने घासू नयेत. भोक पाडावेच लागले तर हाताच्या ड्रिलने, पाणी सोडत पाडावे. आणि पावसाळ्याआधी डांबर लावायला थेट पत्र्यावर पाय देऊन चढू नये. जुना पत्रा पायाखाली अचानक फुटतो आणि माणूस सरळ खाली येतो. कर्करोगाला तीस वर्षे लागतात, याला क्षणही लागत नाही. फळी टाकून तिच्यावरूनच चालावे.

या जिल्ह्यातली कितीतरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, बॉयलरवर, जहाजे तोडण्याच्या कामावर उमेदीची वर्षे घालवून गावी परतली आहेत. वाफेच्या नळांना गुंडाळायला त्या काळी ॲसबेस्टॉसच वापरत. त्यांपैकी कोणाला चढण चढताना धाप लागत असेल, कोरडा खोकला जात नसेल, क्षयाची औषधे घेऊनही उतार पडत नसेल, तर त्यांनी डॉक्टरांना आपले जुने काम आपणहून सांगावे. कोणत्या साली, कुठे, किती वर्षे, तेही. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे, आणि छातीचा जुना एक्स-रे घरात असेल तर तो सोबत न्यावा.