मात्रा, दाब आणि हाताची चव

एस्प्रेसो कॉफी घरी करू पाहणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात हाताला फार मोठे स्थान असते. भुकटी किती जोराने दाबली, दाबताना मनगट कसे फिरवले, यावरच पेल्यातील चव ठरते, असे मानले जाते. आमचे मत निराळे आहे. घरच्या एस्प्रेसोत निर्णायक असते ती मात्रा. दाबाकडून अपेक्षा एवढीच, की तो सर्वत्र सारखा असावा. हा वाद वरवर स्वयंपाकघरातला वाटला, तरी साहित्य शिकवणाऱ्यांनी त्यात लक्ष घालावे असे काही त्यात आहे.

'मात्रा' हा शब्द आपल्याला नवा नाही. वैद्याची मात्रा, छंदातील मात्रा आणि अक्षराच्या डोक्यावरची मात्रा या तिन्ही ठिकाणी किंचित फरकाने सारे पालटते. एस्प्रेसोचेही तसेच आहे. दुहेरी पेल्यासाठी चाळणीत १८ ग्रॅम भुकटी, पाण्याचा दाब सुमारे ९ बार आणि २५ ते ३० सेकंदांत उतरलेले ३६ ग्रॅम पेय, हे आज सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. यातील एक ग्रॅम इकडेतिकडे झाला, तर फरक साडेपाच टक्क्यांचा पडतो. दळण तेच ठेवून मात्रा कमी केली, तर थर पातळ होतो, पाणी धावत खाली येते आणि पेय पाणचट, आंबट लागते. ती वाढवली, तर भुकटी वरच्या जाळीला टेकू लागते, पाणी अडते आणि धारेऐवजी थेंब पडतात. चमच्याने घेतलेल्या भुकटीत एवढा फरक सहज पडतो. मेहकर आणि लोणार यांच्या दरम्यान वसलेल्या आमच्या सुलतानपुरात जुन्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. अलगद भरलेली पायली आणि हलवून, शिगेला लावून भरलेली पायली वजनाला सारखी नसते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आता दाबाविषयी. टॅम्परने सुमारे १३ ते १४ किलो वजनाइतका जोर द्यावा, असा जुना दंडक आहे. परंतु ५८ मिलिमीटर व्यासाच्या चाळणीवर ९ बार दाबाचे पाणी जो भार टाकते, तो हिशेबाने सुमारे २४० किलो वजनाइतका भरतो. या भारापुढे हाताचे दोन-चार किलो कमी की जास्त, याला फारसा अर्थ उरत नाही. अर्थ उरतो तो सपाटीला. वडी एका बाजूला कलती बसली किंवा आत पोकळी राहिली, की पाणी तेथूनच वाट काढते. वाफ्याचा वरंबा जेथे कच्चा राहतो, तेथूनच पाणी फुटते, तसे हे आहे. मग त्या वाटेवरची भुकटी जास्त धुतली जाऊन कडवट उतरते, आणि उरलेली जवळपास कोरीच राहते. एकाच पेल्यात आंबट आणि कडू एकत्र येतात ते यामुळे. घरगुती स्वस्त यंत्रांबरोबर पुष्कळदा दुहेरी तळाची चाळणी येते. तिच्या तळाच्या बारीक छिद्रामुळेच दाब तयार होत असल्याने तेथे टॅम्परचे महत्त्व आणखी कमी होते.

याच्या नेमके उलट उदाहरण दाक्षिणात्य फिल्टरचे. त्यात भुकटीवर सच्छिद्र चकती ठेवतात, पण ती अलगदच दाबावी लागते. तेथे पाण्यामागे पंप नसतो. ते केवळ स्वतःच्या भाराने झिरपते, म्हणून हात जड पडला की डिकॉक्शन उतरतच नाही. एवंच, दाबाला स्वतंत्र गुण नाही. समोर कोणते पाणी आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो.

'हाताला चव असते' हे वाक्य आपण कौतुकाने उच्चारतो. किंबहुना त्या कौतुकातच आमच्या मते एक अन्याय दडला आहे. ज्या बायकांच्या हाताची आपण तारीफ केली, त्यांच्या मापाची नोंद मात्र आपण क्वचितच ठेवली, आणि हातांबरोबर ती चवही गेली. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी-चमच्याचे प्रमाण देऊन हे ज्ञान परक्या घरातही पोहोचवले, हे तिचे मोठे काम. एस्प्रेसो त्याच वाटेने पुढे, ग्रॅमपर्यंत जाण्यास सांगते. २०२० साली 'मॅटर' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने गणित आणि प्रयोग यांच्या साहाय्याने दाखवले, की किंचित जाड दळण घेऊन मात्रा २० ऐवजी १५ ग्रॅम ठेवली, तर पेय अधिक एकसारखे उतरते. असा निष्कर्ष 'अंदाजे'च्या भाषेत निघूच शकला नसता.

मापाने रसिकता मरते, असा आक्षेप यावर घेतला जाईल. मात्रा मोजून कविता होत नाही, हे खरेच. पण ज्याला मात्रा मोजता येतात, त्याला ओळ कोठे अडखळली ते दाखवता येते. न येणारा 'जमले नाही' एवढेच म्हणून थांबतो. आमच्या वर्गात खेड्यांतून येणाऱ्या मुलांना 'दृष्टी उपजतच असावी लागते' असे सांगणे, म्हणजे त्यांना दाराबाहेर उभे करणे आहे. माप शिकवता येते, आणि म्हणूनच ते सर्वांचे होऊ शकते.

तेव्हा यंत्र घेणाऱ्याने महागड्या टॅम्परच्या आधी दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्यावा. मात्रा कायम ठेवावी, भुकटी सपाट दाबावी, दळण थोडे थोडे बदलावे आणि प्रत्येक वेळचे सेकंद लिहून ठेवावेत. अखेरचा निवाडा जिभेचाच राहील. फक्त तो कशावर दिला, हे दुसऱ्याला सांगता येईल.