मुसल्ल्यावरचा ओला डाग

शाबान महिन्यातली गोष्ट. फजरच्या नमाजीसाठी अम्मींनी मुसल्ला अंथरला आणि लगेच हात मागे घेतला. एक कोपरा ओला होता आणि वास तर लपण्यासारखा नव्हताच. आठवड्यातली ही तिसरी वेळ. आधी गादी, मग पाहुण्यांच्या खोलीतली सतरंजी आणि आता मुसल्ला. करणारा एकच, आमचा शेरू. चार वर्षांचा तांबूस बोका. पिल्लू असताना मुसळधार पावसात दाराशी येऊन बसला, तो घरचाच झाला.

त्या सकाळी घरात दोन तट पडले. थोरला म्हणाला, मच्छी मार्केटात सोडून येऊ, तिथे त्याच्या पोटाला कमी पडायचे नाही. धाकटी शेरूला कवटाळून कोपऱ्यात बसली, नाश्त्याला आलीच नाही. अम्मी एवढेच म्हणाल्या, "ज्या घरात नमाजीला पाक जागा मिळेना, त्या घरात मांजर ठेवायचं कसं?" त्यांचेही चुकीचे नव्हते. मांजराचे उष्टे नापाक नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वुजूच्या पाण्याला मांजराने तोंड लावले तेव्हा हजरत अबू कतादा (रजि.) यांनी भांडे तिरके करून त्याला पिऊ दिले, ही रिवायत प्रसिद्ध आहे. पण मांजराचे मूत्र ही वेगळी गोष्ट. ते नापाकच. तेव्हा प्रश्न खरा होता आणि तो सोडवणे भाग होते.

शाळेला जाताना आम्ही याच विचारात होतो. वर्गावर गेलो आणि बऱ्याच वर्षांपूर्वीचा पहिलीतला एक मुलगा आठवला. तो बाकावर वारंवार कपडे ओले करायचा. मुले हसायची, आम्हीही एकदा रागावलो होतो. मग कळले की स्वच्छतागृहाच्या दाराची कडी बाहेरून लावून मोठी मुले त्याला घाबरवत. त्या दिवसापासून मावशी त्याच्याबरोबर जाऊ लागल्या आणि ओले होणे थांबले. खोड मुलात नव्हती, अडचण वाटेत होती. शेरूचेही तसेच काही असेल का?

त्याच संध्याकाळी त्याला पिशवीत घालून पशुवैद्यकांकडे नेले. वाचकांनी पहिली गोष्ट हीच लक्षात ठेवावी. चांगली सवय असलेले मांजर अचानक बाहेर लघवी करू लागले, तर आधी आजार तपासावा. मूत्राशयाला सूज, लघवीत खडे, जंतुसंसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, म्हाताऱ्या मांजराची सांधेदुखी, यांपैकी काहीही असू शकते. घमेल्यात बसताना दुखले की मांजराला वाटते, दुखणे घमेल्यातच आहे. मग ते दुसरी मऊ जागा शोधते. गादी, सतरंजी आणि मुसल्ला तिघांची निवड का झाली, ते आम्हाला तिथे समजले. शेरूच्या मूत्राशयाला सूज होती.

आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. बोका पुन्हा पुन्हा बसतो, जोर लावतो, ओरडतो, पण लघवी थेंबभर किंवा अजिबात होत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. त्याचा मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो आणि एकदोन दिवसांत जीव जातो. तसेच घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. त्याच्यासाठी ती विष आहे.

डॉक्टरांनी औषध दिले आणि विचारले, "गेल्या महिन्यात घरात काय बदललं?" आम्ही म्हणालो, काहीच नाही. मग धाकटी हळूच बोलली, "दादी राहायला आल्या, तेव्हा शेरूचं घमेलं आपण मशीनजवळ ठेवलं." खरेच की! अम्मींना खोली दिली, तेव्हा मातीचे घमेले मागच्या गॅलरीत कपडे धुण्याच्या मशीनला खेटून सरकवले होते. मशीन पिळायला लागले की तिथली फरशी हादरते. तिथे बसायला कोण धजेल? त्यात परीक्षांच्या गडबडीत घमेले दोन-दोन दिवस साफ होत नव्हते. डॉक्टर म्हणाले, मनावरचा ताण हेही मूत्राशयाच्या सुजेचे एक मोठे कारण असते. घरात नवा माणूस, बाळ, बिऱ्हाड बदलणे, खिडकीबाहेर फिरणारा परका बोका, एवढेही पुरते.

मग घमेल्यापासून सुरुवात केली. घरात जेवढी मांजरे, त्याहून एक घमेले जास्त. आमच्याकडे एक मांजर, म्हणून दोन घमेली, दोन वेगळ्या जागी. एक अम्मींच्या खोलीबाहेरच्या बोळात, जिथे तो पूर्वी जायचा, आणि दुसरे गॅलरीच्या शांत टोकाला. घमेले मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी असावे, म्हणजे त्याला आत वळता येते. म्हाताऱ्या मांजरासाठी काठ बुटके घ्यावेत. माती बारीक आणि बिनवासाची. गुलाबाच्या वासाची माती आपल्याला आवडते, मांजराला नाही. खाण्याची वाटी घमेल्याजवळ ठेवू नये. रोज सकाळ-संध्याकाळ गुठळ्या काढाव्यात. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावे, कारण मांजराच्या विष्ठेतून होणारा टोक्सोप्लाझ्मा हा संसर्ग पोटातल्या बाळाला बाधू शकतो.

पाणी जास्त पोटात जावे म्हणून दोन वाट्या वाढवल्या. मासळी उकडून, मीठ-मसाला न घालता, पाण्यासकट देऊ लागलो. कांदा-लसूण मांजराला चालत नाही, म्हणून कालवणातला तुकडा बंद केला.

आता डागाचे पाहू. आपल्या घरांत पहिला हात जातो फिनेलकडे. इथे थांबा! फिनॉल असलेली जंतुनाशके मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. ते फरशीवरून चालते, मग पंजे चाटते आणि विष पोटात जाते. ब्लीचही नको. मूत्रातला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू तयार होतो, तो माणसालाही घातक. डाग ताजा असेल तर जुन्या कापडाने दाबून टिपून घ्यावा, घासू नये. थंड पाण्याने धुवावा. मग एन्झाइम असलेले क्लीनर लावून पुड्यावर लिहिले असेल तितका वेळ राहू द्यावे आणि शेवटी स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवून उन्हात वाळवावे.

इथे एक बारीक गोष्ट आहे. पाण्याने नीट धुतली की जागा आपल्यासाठी पाक होते. पण मांजराच्या नाकासाठी ती अजून तीच जागा असते. मूत्रातले युरिक आम्लाचे कण नुसत्या पाण्याने सहज जात नाहीत आणि पावसाळी दमट हवेत वास पुन्हा जागा होतो. म्हणून आपल्या पाकीसाठी पाणी आणि मांजराच्या नाकासाठी एन्झाइम, दोन्ही हवे. सतरंजी, गालिचा कसा आणि किती वेळा धुवायचा, हे आपापल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. जुने डाग सापडत नसतील तर दुकानदार नोटा तपासतात तो निळा अतिनील दिवा अंधारात फिरवावा, डाग चमकून दिसतो. आम्हाला त्या दिव्याने पलंगाखाली आणखी दोन डाग दाखवले.

भिंतीवर, दारावर, शेपूट ताठ करून थोडेसे उडवलेले असेल, तर तो प्रकार निराळा. ती हद्द आखण्याची सवय असते आणि नसबंदी न झालेल्या बोक्यात जास्त दिसते. नसबंदीने बहुतेक बोक्यांची ही सवय कमी होते. याबद्दल उलमांची मते वेगवेगळी आहेत. आम्ही शेरूच्या वेळी विचारूनच निर्णय घेतला होता.

आणि मारणे, नाक घासणे, कोंडणे? यातून मांजर एवढेच शिकते की या माणसासमोर लघवी करू नये. मग ते कपाटामागे करते. रागाने किंवा बदला घ्यायला ते असे करत नाही. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीस आपण मुलांना शिकवतो. पाळलेल्या बोक्याला मच्छी मार्केटात सोडणे तिच्यापासून फार लांब नाही. तिथले कुत्रे आणि तिथले बोके त्याला जगू देतीलच असे नाही. उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

औषध दहा दिवस चालले. पहिल्या आठवड्यात एकदा सतरंजी पुन्हा ओली झाली. थोरल्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही काही बोललो नाही. तोच उठला आणि फडके घेऊन आला. तीन आठवड्यांनी डाग पूर्ण थांबले. तोवर रमजान लागला होता. मुसल्ला मात्र आता नमाज झाली की घडी करून कपाटात जातो, ती शिस्त आम्हीच लावून घेतली.

आता सेहरीला उठल्या की अम्मी आधी बोळातल्या घमेल्यात डोकावतात आणि स्वयंपाकघरात येऊन सांगतात, "रात्री दोनदा गेला होता बरं का." वाचकांनो, घरातले मुके जनावर किंवा न बोलणारे लेकरू काही भलतेच करू लागले, तर हात उगारण्याआधी त्याची वाट तपासा. अल्लाह आपल्या घरांत पाकी आणि रहम दोन्ही नांदू देवो. आमीन.