थंडीचा हिशेब : ‘पूस की रात’चे पुनर्वाचन

प्रेमचंदांची ‘पूस की रात’ ही कथा १९३० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील थंडीकडे समीक्षेने बहुधा दारिद्र्याचे मोजमाप म्हणूनच पाहिले आहे. कांबळ्यासाठी साठवलेले तीन रुपये हलकू वसुलीला आलेल्या सहनाच्या हाती ठेवतो. जुनी चादर आणि जबरा नावाचा कुत्रा यांच्या आधाराने शेताची राखण करतो. नीलगायी पीक फस्त करतात, पण विझत्या शेकोटीची ऊब सोडून तो उठत नाही. सकाळी, आता थंडीत येथे निजावे लागणार नाही, याचेच त्याला समाधान वाटते. हे वाचन चुकीचे नाही. अपुरे मात्र आहे.

थंडी ही शेतकऱ्याच्या देहाची वैरीण असली, तरी रब्बी पिकाची ती पोषिता आहे. गव्हाला फुटवे येतात ते थंडीत. दाणा भरतेवेळी अकाली ऊन तापले की तो आक्रसतो. १९०१ पासूनच्या नोंदींत मार्च २०२२ हा देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाचा उतारा घटला आणि मे महिन्यात केंद्र शासनाने निर्यातीवर बंदी घातली. दुसरीकडे, सरासरी तापमान चढले म्हणून थंडीच्या लाटा थांबलेल्या नाहीत. निफाडच्या द्राक्षबागांत घडांना तडे जाऊ नयेत म्हणून आजही रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. रात्रपाळीच्या विजेवर गव्हा-हरभऱ्याला पाणी देणारा शेतकरी आजही कुडकुडतच बारे धरतो.

येथे ऋतुवर्णनाच्या परंपरेचे स्मरण आवश्यक ठरते. ‘ऋतुसंहारा’तील शिशिर बंद गवाक्षांच्या आत अनुभवला जातो, बारामासा-काव्यातील पूस-माघ विरहिणीचे दुःख गहिरे करतात. प्रेमचंदांनी तो पूस उघड्या शेतात आणला, हे त्यांचे मोठेपण. तथापि या सर्वांचे एक गृहीत समान आहे : महिना आपली थंडी घेऊन ठरल्या वेळी येणारच. कथेचे शीर्षकही त्याच विश्वासावर उभे आहे. आज तो विश्वासच डळमळला आहे.

आजची चिंता १९३०च्या कथेवर लादणे हा कालविपर्यास होय, असा आक्षेप संभवतो. प्रेमचंदांना हवामानबदलाचे भान होते, असा दावा येथे अभिप्रेत नाही. प्रश्न आजच्या वाचकाचा आणि अध्यापकाचा आहे. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार देशातील सुमारे ८६ टक्के वहितीखाती दोन हेक्टरांहून लहान आहेत. थंडी म्हणजे केवळ संकट, असे शिकवीत राहिल्यास सौम्य हिवाळा हा या शेतकऱ्यांवरील उपकार भासू लागेल. वस्तुतः तो त्यांच्यापुढे हलकूचाच सौदा मांडतो : देहाला ऊब, आणि तिच्या मोबदल्यात पीक. हलकूच्या त्या समाधानात प्रेमचंदांनी केवढी हानी दाखविली आहे, हे वर्गात सांगताना थंडीची ही दुसरी बाजूही सांगितली जावी.