मुसाफिराचा हक्क

जकातीचा पैसा कोणाला द्यावा, हे कुरआनाने आठ वर्गांत सांगितले आहे. गरीब, गरजू, कर्जात बुडालेला अशा नावांच्या या यादीत सर्वांत शेवटी येतो तो वाटसरू, म्हणजे घरापासून दूर अडकलेला मुसाफिर. तो घरी खाऊनपिऊन सुखी असेल. पण वाटेत अडला, की त्या घटकेला तो गरजूच. रोजाच्या बाबतीतही हाच विचार दिसतो. रमजानचे रोजे सज्ञान आणि निरोगी मुसलमानावर बंधनकारक आहेत. मात्र प्रवासात असलेल्याला ते पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. घर सोडलेला माणूस काही काळ दुबळा होतो आणि त्याला सांभाळणे हे इतरांचे काम आहे, एवढे यातून स्पष्ट होते.

आजच्या मुसाफिरांत विद्यार्थ्यांचा एक वेगळा गट आहे. ही मुले कायमची परदेशी जात नाहीत, पूर्ण पदवीही तिकडे घेत नाहीत. नाव आपल्याच कॉलेजात राहते, फीही इथेच भरली जाते आणि एक सत्र मात्र करार झालेल्या परदेशी विद्यापीठात काढायचे असते. कॉलेजात याला ‘सेमिस्टर एक्स्चेंज’ म्हणतात. युरोपात १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेने ही गोष्ट तिथल्या मुलांसाठी नेहमीची करून टाकली. २०१५ पासून या योजनेची दारे भारतासारख्या युरोपबाहेरच्या देशांतील विद्यापीठांनाही उघडली. जर्मनी, फ्रान्स, इटली या देशांत असे एक सत्र शिकून येणारी मुले आता लहान शहरांतूनही निघू लागली आहेत.

हे सत्र म्हणजे श्रीमंतांच्या मुलांची सहल, असा शेरा गावात सहज मारला जातो. मोबाइलवर आलेले बर्फातले फोटो पाहून तसे वाटणे स्वाभाविकही आहे. पण त्या फोटोंच्या आधी सहा-आठ महिन्यांची तयारी असते आणि त्या तयारीत काही राहून गेले, तर मुलाचे आख्खे वर्ष वाया जाऊ शकते. म्हणून यात नेमके काय करावे लागते, हे पालकांना माहीत असलेले बरे.

जर्मनीचे उदाहरण घेऊ. तिथल्या विद्यापीठांचे उन्हाळी सत्र कागदोपत्री १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे असते. तासिका मात्र साधारण एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतात. इकडचे सत्र जून-जुलैत सुरू होते. म्हणजे मूल तिकडच्या परीक्षेला बसलेले असताना इकडचा पुढचा वर्ग सुरू झालेला असू शकतो. ही टक्कर जाण्यापूर्वीच कॉलेजाबरोबर बसून सोडवावी लागते.

दुसरी गोष्ट गुणांची. युरोपात पूर्ण सत्राचा अभ्यास ३० क्रेडिटचा धरतात. कोणते विषय तिकडे घ्यायचे आणि ते इकडच्या कोणत्या विषयांच्या बदल्यात धरले जातील, याचा लेखी करार निघण्यापूर्वी होतो. त्यावर विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठे अशा तिघांच्या सह्या लागतात. जर्मनीत गुणांची शिडी उलटी आहे. तिथे १.० हा सर्वोत्तम गुण, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. १.३ मिळवून आलेली हुशार मुलगी इकडच्या परीक्षा विभागातल्या टेबलावर ढ ठरू नये, यासाठी गुण कसे बदलायचे तेही आधीच कागदावर आलेले हवे. २०२१ साली आलेल्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या नियमांनी आणि परदेशी विद्यापीठांबरोबरच्या जोड अभ्यासक्रमांसाठी २०२२ साली आलेल्या यूजीसीच्या नियमांनी एका संस्थेतले क्रेडिट दुसरीकडे धरण्याची वाट मोकळी केली आहे. परंतु नियम दिल्लीत असतो आणि सही कॉलेजातल्या साहेबांची लागते. ती सही निघण्याआधी हातात असलेली बरी. परत आल्यावर तिच्यासाठी खेटे घालण्यात मुलांचे सहा महिने जातात.

तिसरी गोष्ट पैशाची. करारातून जाणाऱ्याला तिकडे शिक्षणशुल्क लागत नाही, ही मोठी सवलत आहे. परंतु राहणे, खाणे आणि आरोग्य विमा यांचा खर्च चुकत नाही. व्हिसा मिळवण्यासाठी तेवढी ऐपत दाखवावी लागते. शिष्यवृत्ती नसलेले विद्यार्थी त्यासाठी जर्मनीतल्या एका खास खात्यात आगाऊ रक्कम ठेवतात. त्यातून दरमहा ठरावीक पैसेच काढता येतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो अशी धरली जाते. रुपयांत महिन्याला लाखाच्या आसपास. सहा महिन्यांसाठी एवढी रक्कम एकदम उभी करणे शिक्षकाच्या किंवा दुकानदाराच्या घराला सोपे नाही. व्याजाचे कर्ज नको म्हणणाऱ्या मुस्लिम घरात तर मुलाची निवड होऊनही पत्र कपाटात पडून राहते.

इथे समाजाला काही करता येईल. इस्लाममध्ये ‘कर्ज-ए-हसना’ नावाची रीत आहे. गरजूला बिनव्याजी रक्कम द्यायची आणि त्याला जमेल तशी ती परत घ्यायची. लग्नासाठी, दवाखान्यासाठी, हातगाडी लावण्यासाठी असे कर्ज देणारे लोक आणि संस्था आहेत. त्यात परदेशातल्या एका सत्राची भर पडायला हरकत नसावी. ही मदत फक्त मुसलमान मुलांसाठी ठेवण्याचेही कारण नाही. गावातल्या सहकारी पतसंस्था, माजी विद्यार्थी, व्यापारी मंडळे यांनाही तो विचार करता येईल. मूल शिकून, नोकरीला लागून ती रक्कम फेडेल आणि तीच पुढच्या मुलाच्या हाती जाईल.

कागद, गुण आणि पैसा जमला, विमानही सुटले, की रुळण्याची कसोटी सुरू होते. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाचे सहीचे पत्र हवे. ही नोंद रखडली, तर पुढची बरीच कामे अडतात. रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारी सायंकाळी दूध-ब्रेड आणायला विसरलेला मुलगा सोमवार सकाळपर्यंत लक्षात ठेवतो. पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात परत दिली, तर २५ सेंट मिळतात. रात्री दहानंतर मोठा आवाज केला, तर शेजारी दार वाजवतो. वेळापत्रकात दहाची तासिका लिहिलेली असते आणि ती अनेकदा सव्वादहाला सुरू होते. ही पंधरा मिनिटांची सूट तिथल्या विद्यापीठांची जुनी रीत आहे. पहिल्या महिन्यात हे सगळे अंगावर येते, तिसऱ्या महिन्यात तेच मूल नव्या आलेल्याला समजावून सांगत असते.

खाण्याचा प्रश्न मात्र रोजचा. विद्यापीठाच्या खाणावळीला तिकडे ‘मेन्सा’ म्हणतात. विद्यार्थ्यांना तिथे जेवण स्वस्त पडते आणि पदार्थात कोणते मांस आहे, याच्या खुणा बहुधा फलकावर असतात. त्या फलकासमोर इचलकरंजीची जैन मुलगी, साताऱ्याचा शाकाहारी मुलगा आणि मिरजेचा हलाल पाळणारा मुलगा एकाच रांगेत उभे राहून तीच बारीक अक्षरे वाचतात. गोळ्या-चॉकलेटांच्या पाकिटावरचा ‘जिलेटिन’ हा शब्द तिघांनाही सारखाच अडवतो. गावात ज्यांची ताटे कधी शेजारी आली नसतील, ती मुले तिथे एकमेकांना पाकिटे वाचून दाखवतात. किराण्यासाठी तिघेही बहुधा तुर्की दुकानात जातात, कारण कोथिंबीर, भेंडी, मसूर आणि छोले तिथे हमखास मिळतात. १९६१ साली जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारांविषयी करार झाला. त्यानंतर गेलेल्या कामगारांच्या मुला-नातवंडांनी ही दुकाने थाटली. तेही आधी मुसाफिरच होते.

रमजान तिकडे आला, तर रोजाचे गणित सूर्यावर अवलंबून. चांद्र वर्ष लहान असल्याने हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. २०१५ आणि २०१६ मध्ये तो जूनमध्ये होता. तेव्हा बर्लिनमधला रोजा अठरा तासांच्या पुढे जाई. सध्या तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि मार्चच्या विषुवदिनाच्या सुमारास दिवस सगळीकडे जवळपास सारखाच असतो. त्यामुळे आता बर्लिनचा आणि सोलापूरचा रोजा तासांनी फारसा वेगळा नाही. फरक घराचा असतो. सहेरीला उठवणारी आई नसते, मोहल्ल्यात हाक देणारा नसतो, इफ्तारला खजूर एकट्याने फोडावी लागते. हिवाळ्यात भारताचे घड्याळ साडेचार तास पुढे असते. घरी इफ्तार झाला, तेव्हा तिकडे दुपारच अर्धी उरलेली असते. ईदला सुटी नसते. दिवाळीलाही नसते. परीक्षेच्या दिवशी सण आला, तर परीक्षा द्यावी लागते.

अशा वेळी आपल्या माणसांत शिरून बसावे, असे वाटते. मराठी मुलांनी मराठी मुलांबरोबर राहावे, एकत्र खिचडी शिजवावी, यात वाईट काही नाही. पहिले काही आठवडे त्यावरच निभतात. पण पूर्ण सत्र त्याच खोलीत गेले, तर एवढी खटपट कशासाठी केली, हा प्रश्न उरतो. जर्मन वर्गमित्राला, तुर्की दुकानदाराला, स्पेनहून आलेल्या शेजारणीला एकदा तरी आपल्या हातचे जेवायला बोलवावे. इफ्तारचे ताट त्यासाठी फार सोयीचे आहे. त्याला पाहुणा चालतो, त्याचा धर्म विचारला जात नाही.

डॉ. झाकिर हुसेन यांनी १९२६ मध्ये बर्लिन विद्यापीठाची अर्थशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन जामिया मिल्लियाचा डळमळता संसार सावरला. पुढे ते देशाचे राष्ट्रपती झाले. इरावती कर्वे यांनी १९३० मध्ये त्याच बर्लिनमध्ये डॉक्टरेट पूर्ण केली. मानवी कवटीच्या दोन बाजूंत जो फरक असतो, त्याचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष त्यांनी वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या मार्गदर्शकापुढे मांडला. दोघांचा मुक्काम एका सत्राहून मोठा होता. पण दोघांनी आणले ते कागदाच्या पदवीपेक्षा अधिक होते. दूर जाऊन आपल्या समाजाकडे पाहण्याची नजर त्यांनी आणली. एका सत्रातही ती नजर थोडी तरी यावी, ही अपेक्षा जास्त नाही.

ती कशी येते, याचे साधे उदाहरण खोलीच्या शोधात आहे. विद्यार्थी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर मुलांना खासगी खोली शोधावी लागते. चाळीस अर्ज पाठवले की चारांची उत्तरे येतात. आडनाव परके, भाषा मोडकी. मालक नम्रपणे नाही म्हणतो आणि कारण सांगत नाही. तोवर बहुसंख्यांत वाढलेल्या मुलाला प्रथमच कळते, की नावावरून दार बंद होणे म्हणजे काय. मुस्लिम मुलाला ते कदाचित आधीपासून ठाऊक असते. पण आता खोली शोधताना त्याच्या शेजारी उभा असलेला कुलकर्णी किंवा पाटीलही तेच भोगत असतो. दोघांना एकच दुःख समजले, हा या सत्राचा अभ्यासक्रमात नसलेला विषय आहे.

म्हणून परतलेल्या मुलाला किती देश पाहिले, एवढेच विचारून सोडू नये. कॉलेजांनी त्याला पुढच्या तुकडीसमोर उभे करावे. कागद कुठे अडला, पैसा कुठे संपला, कोणी मदत केली हे त्याने सांगावे. मुलींच्या पालकांनी तो हिशेब जरूर ऐकावा. ‘एकटी कशी राहील?’ या प्रश्नाचे उत्तर राहून आलेल्या मुलीकडेच मिळते.

आणि एक काम परतलेल्या मुलांनीही करावे. शिकायला आलेली बाहेरगावची मुले दर जूनमध्ये कॉलेजाच्या गावात खोल्या शोधत फिरतात. कोणी नांदेडहून आलेले असते, कोणी काश्मीरहून, कोणी मणिपूरहून. घरमालक आधी नाव विचारतो, मग आडनाव, मग खोली रिकामी नसल्याचे सांगतो. परदेशात सहा महिने राहून आलेल्या मुलाच्या घरी अशी एखादी खोली असेल, तर त्याने त्या वेळी वडिलांशी बोलावे. मुसाफिराचा हक्क काय असतो, हे आता त्या घरात त्यालाच सर्वांत चांगले ठाऊक आहे.