डेबियनने सोवळे सोडले, बरे केले

लॅपटॉपमधल्या वाय-फायच्या चिपमध्ये तिचा स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम चालतो. ते फर्मवेअर. ड्रायव्हर वेगळा, तो मुख्य प्रोसेसरवर चालतो आणि चिपला कामे सांगतो. लिनक्समधले बहुतेक ड्रायव्हर खुले आहेत, त्यांचा सोर्स कोड कुणीही वाचावा. फर्मवेअर मात्र बहुधा कंपनीने दिलेली बंद फाइल असते.

डेबियन या जुन्या लिनक्स वितरणाने अशा फाइली वर्षानुवर्षे आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवल्या. १९९७ च्या ‘सामाजिक करारा’त मुक्त सॉफ्टवेअरचेच वचन दिले होते ना! परिणाम असा, की वाय-फायचे फर्मवेअर इंटरनेटवर आणि इंटरनेटसाठी आधी तेच फर्मवेअर हवे. जाणकार पेनड्राइव्हवरून वाट काढत, नवखे कंटाळून परत जात. अंधांची अडचण त्याहून मोठी. डेबियनचा इन्स्टॉलर प्रत्येक पायरी बोलून दाखवू शकतो, पण अनेक नव्या लॅपटॉपमध्ये आवाजासाठीही फर्मवेअर लागते. ते नसेल तर इन्स्टॉलर मुका. पडदा न दिसणाऱ्याने मग करायचे काय?

२०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून करार बदलला. १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ पासून लागेल ते फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळते. त्याच्यासाठी वेगळा विभाग आहे, आणि काय बसवले हे वापरणाऱ्याला कळते.

तत्त्व विकले, अशी टीका झाली. मला ती पटत नाही. डिस्कवर ठेवले नाही म्हणून बंद फर्मवेअर नाहीसे होत नाही. कित्येक उपकरणांत ते कारखान्यातच भरलेले असते. प्रोसेसरच्या मायक्रोकोडचेच पाहा. नवे बंद मायक्रोकोड नाकारले, तर जुने तितकेच बंद मायक्रोकोड चालू राहते. फरक एवढाच, की २०१८ मध्ये उघड झालेल्या स्पेक्टरसारख्या त्रुटींसाठी त्यात केलेल्या दुरुस्त्या मिळत नाहीत. हे कसले सोवळे?

भांडायचे तर उत्पादकांशी भांडावे. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतील अमेरिकन वकील करेन सँडलर यांच्या शरीरात हृदयासाठी डिफिब्रिलेटर बसवलेला आहे. त्यातला कोड पाहायला मागितला, तर त्यांना तो मिळाला नाही. तिथे डेबियनने काय ठेवले, काय गाळले, याने काहीच फरक पडत नाही. ते कुलूप कंपनीचे आहे आणि ते उघडायला लावणे नियामकांच्या हाती आहे.